आईने बदललेला कायदा

बिलिंगहॅम हे नाव आपल्यापैकी फारसे कुणी ऐकलेले नसेल. इंग्लंडच्या ईशान्येला, टीज नदीच्या काठच्या पट्ट्यात, रासायनिक कारखान्यांच्या आधाराने वाढलेले हे कामगारांचे गाव. पर्यटकांनी वाट वाकडी करून जावे असे तिथे काही नाही. पण याच गावातल्या एका नर्सबाईने इंग्लंडचा आठशे वर्षांचा एक कायदेशीर नियम बदलायला लावला. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस 'आयटीव्ही' या ब्रिटिश वाहिनीवर 'आय फॉट द लॉ' ही चार भागांची मालिका सुरू झाली. ती या बाईंची, म्हणजे अ‍ॅन मिंग यांची, खरी हकिकत आहे.

खुनाच्या मालिका आपल्याला नव्या नाहीत. सातारा जिल्ह्यात २०१६ साली उघडकीला आलेल्या खूनसत्राचा धागा घेऊन 'झी मराठी'वर २०२० साली आलेली 'देवमाणूस' घरोघरी पाहिली गेली. जेवणाची ताटे हातात घेऊन आपण ती पाहिली. पण आठवून पाहा, लक्षात कोण राहिले? तो बनावट डॉक्टर! त्याचे गोड बोलणे, त्याच्या युक्त्या. ज्या बायका मेल्या त्यांच्या घरच्यांचे चेहरे आज कुणाला आठवतात? खुनी माणूस रंगवायला सोपा असतो आणि पाहायलाही. मेलेल्या माणसाच्या मागे राहिलेले लोक पोलीस ठाण्याच्या बाकावर बसतात, वकिलाच्या दारात उभे राहतात, तारीख घेऊन परत येतात. त्यात नाट्य ते काय असणार, असे मालिकावाल्यांना वाटत असावे. 'आय फॉट द लॉ'ने नेमके हेच बाक, हेच दार आणि ह्याच तारखा पुढे आणल्या आहेत.

आधी घडले काय ते सांगतो. अ‍ॅनबाईंची मुलगी ज्युली हॉग बावीस वर्षांची होती. नवऱ्यापासून वेगळी राहत होती, पदरात एक लहान मुलगा होता. घरोघरी पिझ्झा पोचवण्याचे काम करून ती संसार चालवत होती. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी ती नाहीशी झाली. आईने पहिल्या दिवसापासून सांगितले, की माझी मुलगी लेकराला टाकून कुठे जाणारी नाही, तिचे काहीतरी बरेवाईट झाले आहे. पोलिसांनी तिच्या घराची पाच दिवस तपासणी केली, काही सापडले नाही म्हणून सांगितले आणि पुढे घराच्या किल्ल्या परत दिल्या.

फेब्रुवारी उजाडला. घरात पुन्हा माणसे राहायला आली, थंडीमुळे खोल्या गरम करणारी यंत्रणा सुरू झाली आणि घरात एक वास येऊ लागला. अ‍ॅनबाई शोधत शोधत न्हाणीघरात गेल्या. तिकडच्या घरांत आंघोळीचे टब भिंतीला लागून बसवलेले असतात आणि टबाची बाजू झाकायला एक फळी लावलेली असते. तिच्यामागे नळ-पाइपांसाठी पोकळी असते. ती फळी हलत होती. अ‍ॅनबाईंनी ती ओढली. ऐंशी दिवस ज्या मुलीला गाव शोधत होते, ती तिच्याच घरात, त्या फळीमागे, गुंडाळून ठेवलेली होती. पाच दिवस तपासणी झालेल्या घरात! आणि ती सापडली कुणाला, तर आईला.

मालिकेत अ‍ॅनबाईंचे काम शेरिडन स्मिथ या अभिनेत्रीने केले आहे. ब्रिटिश टीव्हीवर खऱ्या माणसांच्या भूमिका करण्यात तिचा हातखंडा आहे. बाई चवताळतात, भांडतात, चुकीच्या माणसावर ओरडतात, नवऱ्यालाही दुखावतात. आपल्याकडे असती तर पांढरी साडी, देवघरातली समई आणि मागे करुण बासरी आली असती. दुःखी आई सोशिकच असली पाहिजे असा आपला एक हट्ट असतो. अ‍ॅनबाई सोशिक नाहीत, म्हणूनच त्या खऱ्या वाटतात. त्यांचे पती चार्ली मिंग चिनी वंशाचे, स्वभावाने शांत. त्यांची भूमिका डॅनियल यॉर्क लो यांनी केली आहे. अशा घरात एकाने आरडाओरडा केला तर दुसऱ्याला घर सावरावे लागते. चार्लींच्या वाट्याला ते सावरणे आले. त्या सावरण्याचे कौतुक बातम्यांत कधी येत नाही. हे चार्ली २०१३ साली वारले. आपल्या पत्नीचे काम पडद्यावर आलेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

पोलिसांनी बिली डनलप नावाच्या माणसाला पकडले. तो ज्युलीच्या ओळखीचा होता. तिच्या घराच्या किल्ल्या त्याच्या राहत्या जागी जमिनीच्या फळ्यांखाली सापडल्या. १९९१ साली खटला उभा राहिला, पण ज्युरीचे एकमत होईना. त्याच वर्षी दुसऱ्या ज्युरीपुढे पुन्हा खटला चालला. पुन्हा तेच. दोनदा ज्युरीचा निर्णय होऊ शकला नाही, की तिकडच्या रिवाजानुसार सरकार सहसा तिसऱ्यांदा खटला चालवत नाही. आरोपीला रीतसर निर्दोष ठरवण्यात आले. तो त्याच भागात मोकळा हिंडू लागला.

पुढे, १९९८ साली, डनलपला दुसऱ्याच एका मारहाणीच्या गुन्ह्यात सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात असताना १९९९ साली त्याने तिथल्या एका अधिकाऱ्याजवळ कबुली दिली, की ज्युलीचा खून मीच केला. आता तरी न्याय होणार असे कुणालाही वाटेल. पण कायदा म्हणाला, नाही! एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. त्याला फक्त खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा देता येईल. २००० साली ती झाली, सहा वर्षांची. म्हणजे 'मी खून केला नाही' असे शपथेवर खोटे बोलला म्हणून शिक्षा, पण खून केला म्हणून नाही. एखाद्या विनोदी नाटकात शोभावी अशी ही गोष्ट, पण त्या घरावर ती प्रत्यक्ष कोसळली होती.

हा नियम काही कुणी वेडेपणाने केला नव्हता, हेही इथे सांगायला हवे. राजाच्या हाती पोलीस, वकील, पैसा सगळे असते. गरीब माणूस एका खटल्यातून सुटला, की दुसऱ्या दिवशी त्याच आरोपाखाली त्याला पुन्हा उभे करायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा, असे चालले तर सुटका या शब्दाला अर्थच उरणार नाही. सामान्य माणसाला सत्तेच्या छळापासून वाचवणारी ती भिंत होती. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमातही हेच तत्त्व आहे. एकाच गुन्ह्यासाठी कुणावरही दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा करता येत नाही. तेव्हा अ‍ॅनबाई ज्या भिंतीशी भांडत होत्या ती चांगल्या हेतूने बांधलेली भिंत होती. मालिकेतला खरा ताण मला इथे जाणवला. खलनायकाला हरवणे सोपे असते. चांगल्या नियमाने आपल्यावरच अन्याय केला, तर भांडायचे कुणाशी?

बाई भांडल्या. कायद्याची पदवी नाही, ओळखीपाळखी नाहीत, गाव लंडनपासून दूर. पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांना गाठले, खासदारांना गाठले, गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांची भेट घेतली. त्याच सुमारास दुसऱ्या एका घराच्या लढ्याने वातावरण तापले होते. एप्रिल १९९३मध्ये लंडनच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाला बसथांब्याजवळ वंशद्वेषातून भोसकून मारण्यात आले होते. पोलिसांनी ढिलाई केली म्हणून त्याच्या आईवडिलांनी, डोरीन आणि नेव्हिल यांनी, स्वतः खासगी खटला भरला. १९९६ साली तो कोसळला आणि तिघे निर्दोष ठरले. या प्रकरणाच्या चौकशीचा मॅकफर्सन अहवाल फेब्रुवारी १९९९मध्ये आला. खुनाच्या प्रकरणात ताजा आणि भक्कम पुरावा मिळाल्यास पुन्हा खटला चालवता यावा का, याचा विचार व्हावा असे त्यात सुचवले होते. ज्या इलाजासाठी अ‍ॅनबाई धडपडत होत्या, तोच हा!

शेवटी २००३ सालच्या फौजदारी न्याय कायद्यात अपवाद घातला गेला. खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांत नवा आणि भक्कम पुरावा असेल, सरकारी अभियोगाच्या प्रमुखाची संमती असेल आणि अपील न्यायालयाला न्यायाच्या दृष्टीने ते योग्य वाटेल, तरच जुनी निर्दोष सुटका रद्द करून पुन्हा खटला. असा मार्ग एकदाच वापरता येतो. एवढे सगळे पहारे ठेवूनच दार किलकिले केले गेले. आणि हे दार मागच्या प्रकरणांनाही लागू झाले. ते झाले नसते, फक्त पुढच्या खुनांना लागू ठेवले असते, तर अ‍ॅनबाईंच्या हाती दुसऱ्यांच्या मुलींसाठी कायदा आणि स्वतःच्या मुलीसाठी शून्य आले असते! एप्रिल २००५पासून तरतूद अमलात आली. जून २००६मध्ये डनलपची सुटका रद्द झाली. ११ सप्टेंबर २००६ रोजी त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ६ ऑक्टोबरला त्याला जन्मठेप झाली, किमान सतरा वर्षांची. या नव्या कायद्याखाली दोषी ठरलेला तो पहिला माणूस. ज्युली गेली त्याला तोवर सतरा वर्षे होत आली होती.

लॉरेन्स दांपत्यालाही पुढे याच दारातून जाता आले. १९९६ साली निर्दोष ठरलेल्यांपैकी गॅरी डॉब्सन याच्यावर पुन्हा खटला चालला, आणि जानेवारी २०१२मध्ये तो व त्याचा साथीदार डेव्हिड नॉरिस दोषी ठरले. त्यांच्यावरही १९९९ साली एक टीव्हीपट आणि २०२१ साली एक मालिका आली आहे. गंमत म्हणजे दोन्हींत वडिलांची भूमिका ह्यू क्वार्शी या एकाच नटाने केली. बावीस वर्षांनी तोच बाप, पण आता केस खरोखरच पिकलेले. मेकअपवाल्याचे काम काळाने केले.

आता आपल्या घराकडे वळू. २००६चा तोच ऑक्टोबर आठवतो का? अ‍ॅनबाईंना निकाल मिळाला त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रियदर्शिनी मट्टू खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवले. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या या मुलीचा खून जानेवारी १९९६मध्ये झाला होता. डिसेंबर १९९९मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपीला सोडले, आणि सोडताना न्यायाधीशांनी जवळजवळ असे म्हटले, की खून यानेच केला हे मला कळते, पण तपास असा झाला आहे की संशयाचा फायदा द्यावाच लागतो. वडील चमनलाल मट्टू यांनी पाठ सोडली नाही. सीबीआयचे अपील सहा वर्षे पडून होते. ते सुनावणीला लागले आणि दीड-दोन महिन्यांत निकाल आला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १८ डिसेंबरला, जेसिका लाल प्रकरणात तेच झाले. फेब्रुवारीत सुटलेला आरोपी डिसेंबरात दोषी. जेसिकाची बहीण सब्रिना हिच्या त्या सात वर्षांच्या हेलपाट्यांवर २०११ साली हिंदी चित्रपट निघाला आणि विद्या बालनने सब्रिना साकारली, हे वाचकांना ठाऊक आहेच.

मट्टू आणि लाल यांना न्याय मिळायला कायदा बदलावा लागला नाही, कारण आपल्याकडे सुटकेविरुद्ध सरकारला अपील करता येते. इंग्लंडात ज्युरीने सोडले की संपले, आपल्याकडे वरचे न्यायालय असते. पण सरकारने अपील केलेच नाही तर? घरच्यांना तो हक्कच नव्हता. कारण फौजदारी खटला हा सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. ज्याच्या घरातले माणूस गेले तो फार तर साक्षीदार. कोर्टाच्या आवारात गेलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचे असेल. आत काळे कोट बोलत असतात आणि मेलेल्याचे वडील मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात. आपल्या प्रकरणाचा पुकारा झाला की नाही, हेही त्यांना शेजाऱ्याला विचारावे लागते. मट्टू आणि लाल प्रकरणांच्या वादळानंतर, डिसेंबर २००९च्या शेवटच्या दिवशी, दुरुस्ती अमलात आली. सुटकेविरुद्ध पीडिताला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला, स्वतः अपील करता येऊ लागले. जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हा हक्क कायम आहे. आपल्या भागातल्या कितीतरी घरांना आजही तो माहीत नसतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

मात्र अपिलाच्या सगळ्या पायऱ्या संपल्या, सुटका कायम झाली, आणि दहा वर्षांनी आरोपीनेच कबुली दिली तर? त्यासाठी आपल्याकडे इंग्लंडसारखे दार नाही. ते असावे का? इथे मी मालिकेइतका निश्चिंत नाही. अ‍ॅनबाईंच्या हाती नुसता आईचा संशय नव्हता, स्वतः आरोपीची कबुली होती. तपासातला ढिसाळपणा झाकण्यासाठी सुटलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा पकडण्याचा परवाना मिळाला, तर आपल्याकडे तो कुणावर चालेल हे सांगायला ज्योतिषी नको. घरच्यांचे दुःख खरे असते, पण त्यांचा संशय दर वेळी खरा असेलच असे नाही. मालिकेत हा प्रश्न येऊन जातो, थांबत नाही. चार भागांत किती मावणार म्हणा.

ज्युरीचा विषय निघाला की आपल्याकडे नानावटी खटला आठवल्यावाचून राहत नाही. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजा याला, गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' हे नाटक याच प्रकरणावर बेतलेले. आपल्या आधीच्या पिढीने ते डोक्यावर घेतले. सहानुभूतीची सगळी लाट त्या रुबाबदार अधिकाऱ्याकडे होती. पण मेलेल्यालाही एक बहीण होती, मेमी आहुजा. तिने आपल्या बाजूने लक्ष ठेवायला राम जेठमलानी हा तेव्हाचा तरुण वकील नेमला. भाऊ बदनाम, शहर विरोधात, वर्तमानपत्रे विरोधात, आणि ही बाई कोर्टात. २०१९ सालच्या 'द व्हर्डिक्ट' या वेबमालिकेत कुब्रा सैतने ही मेमी उभी केली, तेव्हा मला वाटते साठ वर्षांनी पहिल्यांदा प्रेक्षकांनी तिच्या बाजूने त्या खटल्याकडे पाहिले.

आणि या मेमीनेच पुढे लेखी संमती दिली, म्हणून १९६४ साली नानावटींना माफी मिळू शकली. त्यामागे राजकारणाची देवघेव होती हे खरे, पण सही तिची लागली. सब्रिना लालनेही २०१८ साली तुरुंग प्रशासनाला कळवले, की आरोपीच्या सुटकेला आता माझी हरकत नाही. तो २०२०मध्ये सुटला. पुढच्या वर्षी सब्रिना गेली. एवढी वर्षे ज्याच्या मागे लागलो त्याला सोडून द्यावेसे एखाद्याला का वाटते, हे बाहेरच्याने सांगू नये. कदाचित थकवा असेल, कदाचित ते ओझे उतरवायचे असेल.

अ‍ॅनबाईंनी मात्र ते उतरवलेले नाही. त्यांच्या कामाबद्दल २००७ साली त्यांना एमबीई हा सन्मान मिळाला, २००८ साली त्यांनी 'फॉर द लव्ह ऑफ ज्युली' हे पुस्तक लिहिले, मालिका त्यावरच बेतलेली आहे. ज्युलीचा मुलगा मोठा झाला. डनलपची किमान सतरा वर्षे २०२३ साली भरली, पण त्याच्या सुटकेचा विचार करणाऱ्या पॅरोल मंडळापुढचे कागद त्याआधीच हलू लागले होते. अ‍ॅनबाईंनी पुन्हा लेखणी उचलली. मालिका पडद्यावर आली तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या, आणि तो बाहेर येऊ नये म्हणून त्यांची पत्रे अजून जातच होती.